घरची घेरी

प्रिय बारकी,

काल तू फोन आपटलास आणि आज सकाळपासून उचलत नाहीस. म्हणून हे पत्र माझ्या कामावरच्या जोडीदाराच्या हाती देतोय, दुपारच्या आत तो पोचेल. त्याला पाणी विचार, पण तो दारात उभा असतानाच वाचायला घे. भिंगरी त्या वेळी शाळेत असेल, आणि मला तसंच हवंय. काल मी चुकीच्या पद्धतीने सुरुवात केली हे कबूल. पिल्लाचं राहू दे आणि पोरीला पळायचं थांबव, असं कुणी धाडकन सांगितलं तर मीसुद्धा भांडलो असतो. पण तुझा फोन म्हणजे जाहीर सभा. तू स्पीकर लावून भांडी घासणार, भिंगरी मागून 'मामा, पिल्लाला शेपूट आहे का' म्हणून ओरडणार, आणि जावईबापू पेपरातून डोकं काढून कोटी करणार. पोरीच्या देखत मला कारण सांगता येईना, आणि कारणाशिवाय तू ऐकेनास. आज फोन उचलला असतास तरी तू उलट बोलली असतीस, मी ओरडलो असतो, आणि ओरडायची मला सध्या मनाई आहे. ती का, ते पुढे येईल. तुला लहानपणापासून गोष्टीचं शेवटचं पान आधी बघायची खोड. या वेळी तेवढं करू नकोस. शेवट आधी वाचलास तर काल हसलीस तशी हसशील.

पिल्लापासूनच सुरू करतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मोठ्या शर्यतीसाठी निवड झाली तर पिल्लू, असा शब्द तू भिंगरीला दिलास आणि पोरगी निवडली गेली. तिच्याबरोबर सकाळी धावणारं कुत्रं हवं, दारात लोळणारं नको, म्हणून बॉक्सर जातीचं. तो चपटा, सुरकुतलेला, गणितात नापास झाल्यासारखा चेहरा तिला आवडला, आणि तिला आवडलं म्हणजे तुम्हाला आवडलंच. पिल्लं विकणारे सगळे माझ्या शहरात, त्यामुळे शोध माझ्या गळ्यात पडला. शर्यतीच्या आधी पिल्लू घरात आलं तर पोरीला हुरूप येईल, असं तू म्हणालीस. शर्यत आता तोंडावर आलीय हे मी विसरलेलो नाही. खरं सांगायचं तर हल्ली मला दुसरं काही आठवतच नाही.

पहिल्यांदा गेलो तो एका फर्निचरवाल्याकडे, जो जोडीला पिल्लंही विकतो आणि ज्याची जाहिरात तूच पाठवली होतीस. काय त्याचा थाट! मला मखमली सोफ्यावर बसवलं, काचेच्या पेल्यात थंड आणून दिलं. भिंतीवर चांदीचे कप, गळ्यात पदकं घातलेल्या कुत्र्यांचे फोटो. माणूस गुळगुळीत, शब्दाशब्दाला साखर. त्याने टोपलीतून पिल्लं आणली. आंघोळ घातलेली, पावडर लावलेली, गळ्यात रिबिनी. वंशावळीचे कागद असे उलगडले की जणू राजघराण्यातलं स्थळ सांगून आलंय. मी विचारलं, यांची आई कुठाय? तर म्हणे हवापालटाला पाठवलीय, बाळंतपणात दमली बिचारी. पिल्लं जेमतेम चालायला लागलेली आणि आई हवापालटाला! बरं, बाप? तो म्हणे फार मोठ्या वंशातला, त्याला असं येईल त्याला भेटवत नाहीत. मी म्हटलं, साहेब, बाप दाखवा नाहीतर श्राद्ध करा. तो हसला आणि पिल्लं परत टोपलीत भरायला लागला. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, काय ते आत्ताच ठरवा म्हणाला.

तुला माझा धंदा माहीत आहे. लिफ्टमध्ये आरसा असतो, दिवा असतो, एखादीत गाणंसुद्धा लागतं, आणि लोक तेवढ्यावर म्हणतात, काय झकास लिफ्ट आहे. मी आरशाकडे बघत नाही. मी गच्चीवर जातो, मशीनची खोली उघडायला लावतो आणि दोर बघतो. त्या माणसाच्या घरात मला सारखं मशीनच्या खोलीत जावंसं वाटत होतं. पिल्लं गप्प होती. एवढीशी पिल्लं हातात घेतली की वळवळतात, बोटं चावतात. ही जशी ठेवली तशी राहिली. घरभर फिनेलचा वास होता आणि त्याच्याखाली आणखी एक वास होता. हात धुवायचं निमित्त करून मी आत गेलो आणि मोरीच्या खिडकीतून मागचं आवार बघितलं. पत्र्याखाली पिंजऱ्यांची ओळ. सगळ्यात जवळच्या पिंजऱ्यात एक बॉक्सर मादी उभी होती, कारण तिला आडवं व्हायला जागाच नव्हती. सड लोंबलेले, बरगड्या वर आलेल्या. हीच ती हवापालटाला गेलेली आई. मी चुचकारलं. तिने मान वळवली नाही. पुन्हा चुचकारलं, तरी नाही. माणसाच्या आवाजाला कान न हलवणारं कुत्रं मी पहिल्यांदाच बघितलं. मागे वळलो तर तो माणूस दारात उभा, हातात टॉवेल. म्हणाला, हात पुसा. मी हात पुसले आणि निघालो. जिथे तक्रार करायची तिथे केलीय. अजून कुणी हललेलं नाही.

तुला हे सांगितलं तर तू म्हणालीस, दादा, तुला पिल्लू आणायचंय की खटला चालवायचाय? तुला सोन्यातसुद्धा खोट दिसते. असेल. दिसते म्हणूनच माझ्या हातून आजवर एकही लिफ्ट पडलेली नाही. पुढे मी ज्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळतो त्यांतल्या एकीत राहणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरने मला बॉक्सर पाळणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. जा खुशाल, पण पिल्लू मिळेलच अशा भ्रमात राहू नका, असंही वर सांगितलं.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी आवाज सुटलेला नाही. घरात बॉक्सर, काही वर्षांतून एखादी वीण, तीही पिल्लांसाठी घरं आधी ठरल्यावर. दार उघडताच एक मोठी मादी बाहेर आली आणि तिने माझ्या खिशांची झडती घेतली. मग बाईंनी माझी घेतली. पिल्लू कुणासाठी? दिवसभर घरी कोण? मुलीची परीक्षा असेल तेव्हा याला फिरवणार कोण? सगळे गावाला गेलात तर? पूर्वी कुत्रं होतं का, आणि ते कशाने गेलं? मी म्हटलं, बाई, मला नोकरीवर घेताना साहेबांनी इतकं विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, म्हणूनच लिफ्टा बंद पडतात. बाकावर उभं केल्यासारखं वाटत होतं, पण बारकी, त्या घरात बरं वाटत होतं. मी मागायच्या आत बाईंनी मागची खोली उघडली. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून गोंधळ घालत होती, आई त्यांच्यात आडवी पडली होती, आणि म्हातारी आजी कोपऱ्यातून सगळ्यांवर गुरगुरत होती. बापाच्या मालकाचा पत्ता त्यांनी न विचारता दिला. जा, बघून या, म्हणाल्या. आणि उद्या काही कारणाने कुत्रं जड झालं तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, माझ्या दारात आणून सोडायचं, हीसुद्धा अट.

त्या आईच्या अंगावर जाकीट होतं. मला वाटलं हौस. पण आत वायरी होत्या, एक छोटं यंत्र होतं. ते दिवसभर तिच्या हृदयाचे ठोके टिपतं. बाई दर वर्षी हे करतात, नराचंही करायला लावतात, आणि ते ठीक आलं तरच वीण. मला हसू आलं. म्हटलं, कुत्र्याच्या जिवाला केवढा हा थाट. बाई हसल्या नाहीत. बसा म्हणाल्या, आणि चहा टाकला.

त्यांच्याकडे पूर्वी एक नर होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. दिसायला असा की रस्त्यातली माणसं थांबून बघायची. त्याची पिल्लं मिळावीत म्हणून लोक दारात रांग लावत. एकदा बागेत चेंडूमागे धावता धावता तो मध्येच खाली बसला. लगेच उठला, अंग झटकलं, चेंडू घेऊन आला. लोक हसले. बाईही हसल्या. पुन्हा काही दिवसांनी तसंच, पुन्हा सगळे हसले. मग एका रविवारी तो बसला तो उठलाच नाही. चेंडू तोंडातच होता. बाई म्हणाल्या, हा आजार रक्तातून येतो. हृदयाचा स्नायू आतून कुजत जातो आणि वरून कुत्रं नुसतं तेज मारतं. धावताना, उड्या मारताना, अगदी आनंदात असताना ठोके भलतीकडेच जातात. स्टेथोस्कोप लावून कळत नाही. त्यांनी पैलवानाचं पिल्लू गेलेल्या प्रत्येक घरी फोन केला. कुणी शिव्या घातल्या, कुणी म्हणालं आमचं ठणठणीत आहे, तुम्ही कशाला अभद्र बोलता. एका घरी फोन मुलांनी घेतला. मुलं म्हणाली, आमचा तर गंमत करतो, धावता धावता लोळण घेतो, आम्ही व्हिडिओ काढलाय. बाई तशाच त्या घरी निघाल्या. पोचल्या तर मुलं फाटकाशीच उभी होती. एवढं सांगून बाई कप विसळायला उठल्या. पैलवानाच्या एकाही पिल्लाची पुढे वीण झाली नाही. आयुष्याची मेहनत त्यांनी हाताने थांबवली.

आता माझी जीभ तुला माहीत आहे. घरात कुणी गंभीर झालं की मला काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, बाई, मग आमच्या घराण्याचीही वीण थांबवायला हवी होती, आमच्यातही सगळे धावता धावता बसतात. आणि हसत हसत मी त्यांना आपल्या घरची घेरी सांगितली. लोकांकडे घराण्याचं नाक असतं, आपल्याकडे घेरी. आजोबांना यायची, बाबांना यायची, धाकट्या काकाला यायची, मला येते. क्षणभर डोळ्यांपुढे अंधार, माणूस खाली, आणि पुन्हा उठून कामाला. तोंडावर पाणी मारायचं, जिभेवर साखर ठेवायची आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगायचं, आमच्यात येते. ज्याला येत नाही तो जणू या घरचा नाहीच. तुला आली नाही म्हणून मी तुला किती चिडवलंय, तुला कचऱ्याच्या डब्यातून उचलून आणलंय म्हणून! आणि भिंगरी त्या दिवशी मैदानात शेवटच्या वळणावर बसली तेव्हा आई काय म्हणाली आठवतं? पोरगी पांढरीफटक, गुडघा सोललेला, आणि आई कौतुकाने म्हणाली, अगदी आजोबांच्या वळणावर गेली गं! आपण सगळे हसलो. मी खिशातली गोळी काढून तिच्या तोंडात टाकली. ती उठली, पुन्हा धावली आणि शर्यत पूर्ण केली. आपण टाळ्या वाजवल्या, बारकी.

बाईंनी कप खाली ठेवला. वडील आहेत का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाहीत, मी शाळेत होतो तेव्हाच गेले. कशाने? बस पकडायला धावले, पायरीवर पाय ठेवला आणि पडले. भर उन्हाळा होता, ऊन लागलं. त्यांचे भाऊ? काका तलावात बुडाला. पोहण्यात पटाईत, पण पायात गोळा आला म्हणतात. आजोबा? आजोबा शेजाऱ्याशी भांडता भांडता गेले, आमच्या घरात अजून विनोद आहे की शेवटचा शब्द त्यांनी सोडला नाही. ऊन, पाणी, राग. प्रत्येक मरणाची आपल्याकडे वेगळी गोष्ट आहे आणि ती मी शंभरदा सांगितलेली आहे. पण त्या सगळ्या एका दमात, एकीला लागून दुसरी, कधी सांगितल्या नव्हत्या. सांगता सांगता माझाच आवाज मला परका वाटायला लागला. माझी पाचावर धारण बसली. बाई माझ्याकडे बघत होत्या, फळ्यावरचं चुकलेलं गणित बघावं तशा. म्हणाल्या, मी कुत्र्यांतली बाई, माणसांचं मला कळत नाही. पण हे सगळं मला कुणी एखाद्या कुत्र्याबद्दल सांगितलं असतं, तर तपासणी होईपर्यंत त्याच्या एकाही पिल्लाला मी धावू दिलं नसतं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरात सध्या कोण धावतं?

मला त्यांचा राग आला. पिल्लू मागायला आलो आणि ही बाई माझ्या वाडवडिलांना कुत्र्यांच्या रांगेत बसवते, असं मनात म्हणत मी जिना उतरलो. उतरताना कठडा धरला होता, हे खाली आल्यावर लक्षात आलं. दोन दिवस तो राग पुरला. मग हृदयाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आधी माझी सगळी गोष्ट ऐकली, मधेच एक-दोनदा लिहायचे थांबले, आणि माझ्या छातीला वायरी डकवून कमरेला तसंच यंत्र बांधलं. जाकीट तेवढं दिलं नाही. पुढे सोनोग्राफी झाली, मोठ्या मशीनमध्ये आडवं घालून फोटो काढले. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. मला तेच आहे. पैलवानाला होतं तेच. मी तुला फोनवर सांगायचो ना, लिफ्टच्या खड्ड्यात आहे, आवाज येत नाही, तेव्हा मी घरात पलंगावर बसलेला असायचो. मला कामावर जायला बंदी आहे. जिने नाहीत, वजन नाही, भांडण नाही. येत्या आठवड्यात गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवणार आहेत. ठोके बिघडले तर ते आतूनच धक्का देऊन त्यांना ताळ्यावर आणतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आईला मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलंय. तिला खरं कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. ती गोष्ट तिने नवऱ्याबद्दल, दिराबद्दल, सासऱ्याबद्दल इतकी वर्षं कौतुकाने सांगितलीय, तिच्यापुढे ही कशी ठेवायची मला कळत नाही. आणि मला भीती वाटते, बारकी. दोरावर लोंबकळून काम करताना कधी वाटली नाही एवढी वाटते. भिंतीशी बसून हे लिहितोय आणि सारखा हात छातीवर जातोय.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो भावंडांचा. मी म्हटलं, धाकटी बहीण आहे, धडधाकट, तिला कधी घेरी आलेली नाही. ते म्हणाले, त्याने काही ठरत नाही. एखाद्याच्या अंगात हे आयुष्यभर गप्प बसून राहतं आणि त्याच्या मुलात बोलतं. म्हणजे तुझीही तपासणी करायची आहे, आणि भिंगरीची तर आधी. तपासणीत काही निघालं नाही तर मी स्वतः येऊन तुझी माफी मागेन, हवं तर स्पीकरवर. निघालं तर औषध आहे, यंत्र आहे, पोरगी शिकेल, मोठी होईल, म्हातारी होईल. पण उत्तर येईपर्यंत तिने धावायचं नाही, पोहायचं नाही, जिना पळत चढायचा नाही. तू काय म्हणशील ते मला तोंडपाठ आहे. एकदाच तर पडली, सकाळी काही खाल्लं नव्हतं. शाळेच्या डॉक्टरने तपासून दिलंय. इतकी खपली, आता शर्यतीच्या तोंडावर तिचं मन कसं मोडू? शर्यत झाली की लगेच नेते. कालही तू हेच म्हणालीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

पण आता मी हे पत्र का लिहायला बसलो ते सांगतो. आज सकाळी शाळेत जाताना भिंगरीने मैत्रिणीच्या फोनवरून मला फोन केला. काल स्पीकरवर तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं पिल्लासाठी रडेल. ती रडली नाही. हळू आवाजात तिने विचारलं, मामा, घेरी यायच्या आधी तुझ्या छातीत फडफडतं का? मी म्हटलं हो. ती म्हणाली, माझ्या पण. तुला वाटतं ती एकदाच पडली. बारकी, ती मैदानात पुन्हा पडलीय. शाळेच्या जिन्यात पडलीय. आणि गेल्या आठवड्यात तुमच्या मोरीत पडली. नळ सुरू होता म्हणून तुला आवाज आला नाही. तुला कळलं तर तू शर्यत बंद करशील म्हणून तिने तोंडातून ब्र काढला नाही. फडफड सुरू झाली की बुटाची नाडी बांधायला खाली बसते, म्हणजे पडलेलं कुणाला दिसत नाही, असंही तिने मला शाबासकी मागितल्यासारखं सांगितलं. मग माझ्याकडून शब्द घेतला की आईला सांगायचं नाही, आणि तिने फोन ठेवू नये म्हणून मी तो दिला. तो मी आत्ता मोडलाय. ती माझ्याशी बोलणार नाही, न बोलू दे. शाळा सुटल्यावर तिचा सराव आहे. शाळेचा आणि जावईबापूंचा फोन मी लावून बघितला, लागत नाही. हे पत्र खाली ठेव, पायात चपला घाल आणि ती मैदानात उतरायच्या आत तिला घेऊन ये. हाक मारून बोलावू नकोस, ती धावत येईल. तू तिच्यापर्यंत जा, तिचा हात धर आणि तिला सावकाश चालत घरी आण.

तुझाच,
दादा